टीम लीड, विणेकरी आणि केडगावची पाळी

गेल्या महिन्यात मला टीएल केलं. म्हणजे पगार तोच, फक्त सहा जणांच्या चुकांची उत्तरं आता मी द्यायची. त्याबरोबर दोन दिवसांचं 'लीडरशिप ट्रेनिंग' आलं. बाणेरच्या एका हॉटेलात एसी हॉल, गोल टेबलं, आणि कच्च्या शेवयांच्या काड्या व चिकटपट्टी वापरून मनोरा उभा करायचा खेळ. आमचा मनोरा पडला. ज्याचा उभा राहिला त्याला चॉकलेट मिळालं. ट्रेनर म्हणाला, 'लीडर्स आर मेड.' मी वहीत लिहून घेतलं, कारण पुढच्या रांगेत बसलो होतो.

त्याच शनिवारी गावी गेलो. आमचं गाव आळेफाट्यापासून जवळच, जुन्नर तालुक्यात. ज्ञानेश्वरांनी ज्या रेड्याच्या तोंडून वेद वदवले त्याची समाधी आळ्याला आहे, आणि तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूरला. त्यामुळे आमच्या भागात सप्ताह, भजनी मंडळ, दिंडी हे काही विशेष नाही, पावसाळ्यात चिखल असतो तसंच ते असतं. गावात सप्ताह चालू होता. आमच्या मंडळातला विणेकरी पिकअप चालवतो, मंचर मार्केटला माल नेतो. त्याला कुणी ट्रेनिंग दिलं? विचारलं तर हसला. म्हणाला, "बारा वर्षं मागं उभा राहून टाळ वाजवला, मग एक दिवस म्हाताऱ्यांनी गळ्यात वीणा घातली."

हे डोक्यात घेऊन परत आलो आणि माझ्या ख्रिस्ती मित्राला सांगितलं. तो मूळचा नगरचा (आता अहिल्यानगर, पण त्याच्या आणि माझ्या तोंडी अजून नगरच बसलंय). तो म्हणाला, "आमच्याकडे हाच प्रश्न गेली दीडशे वर्षं चाललाय. बुधवारी ये." त्याच्या घरी पिंपरीला बुधवारी संध्याकाळी दहा-बारा जणांची 'संगती' भरते. गाणी, एक वाचन, थोडी चर्चा, एकमेकांची विचारपूस, प्रार्थना आणि चहा. चालवणारे काका भोसरीच्या एका शॉपमध्ये लेथवर काम करतात. समोर बसलेल्यांत एक बँकेचा मॅनेजर, एक कॉलेजची प्राध्यापिका. कुणालाही त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. मला मात्र वाटलं.

मग तीन वीकेंड वाचण्यात घालवले. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, मेकॅनिकल करून कोडिंग करणारा माणूस आहे. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

सुरुवात इंग्लंडातून करावी लागते, कारण तिथली गोष्ट फारच मजेशीर आहे. ब्रिस्टल, फेब्रुवारी १७४२. जॉन वेस्ली नावाच्या पाद्र्याच्या अनुयायांनी सभागृह बांधलं होतं आणि त्याचं कर्ज फिटत नव्हतं. बैठकीत फॉय नावाचा एक कॅप्टन उठला आणि म्हणाला, प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, अहो, निम्म्यांना तेवढंही परवडत नाही. कॅप्टन म्हणाला, मग त्यातले सगळ्यात गरीब अकरा जण माझ्या नावावर लावा, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, ज्याच्याकडे नसेल त्याची पेनी मी भरीन. झालं, बारा-बारांचे गट पडले. मूळ हेतू वसुलीचा. पण वसुलीला घरोघर गेलेले लोक परत येऊन वेस्लीला सांगायला लागले की अमका बायकोशी भांडत होता, तमका पिऊन पडला होता. वेस्ली हुशार, त्याच्या लक्षात आलं की आपल्याला नकळत जे हवं होतं तेच हाती लागलंय. हजारो माणसांकडे एक पाद्री लक्ष देऊ शकत नाही, पण अकरा जणांकडे एक चांभार किंवा एक विणकर देऊ शकतो. 'क्लास मीटिंग' आणि 'क्लास लीडर' हे असे जन्मले. पुढे स्त्रियाही लीडर झाल्या.

आणि त्यांचं ट्रेनिंग? दर आठवड्याला सगळ्या लीडरांनी पाद्र्याला भेटायचं, गोळा झालेले पैसे जमा करायचे, कोण आजारी आहे, कोण वाट चुकतंय ते सांगायचं, आणि काय करावं ते विचारायचं. बस. काम आधी, शिकणं त्याच्याबरोबर. आमच्याकडे याला 'वीकली स्टेटस' म्हणतात आणि त्यात कुणी काही शिकत नाही, पण तो वेगळा विषय.

आता आपल्याकडे येऊ. आमच्या जुन्नरलाही १८४० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने ठाणं टाकलं होतं. जुन्या इंग्रजी अहवालांत त्याचं नाव 'जुनीर' असं येतं. शाळेत शिवनेरी, लेण्याद्री आणि नाणेघाट शिकलो, हे कुणी सांगितलं नव्हतं. पण ज्या प्रश्नाच्या मागे मी होतो त्याचा खरा अड्डा माळशेज-कल्याण रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, नगरला. अमेरिकन मराठी मिशन तिथे १८३१ पासून होतं. 'ज्ञानोदय' १८४२ साली तिथेच सुरू झाला.

१८५४ च्या शेवटी अमेरिकेहून मिशनचे सचिव रूफस अँडरसन स्वतः पाहणीला आले. आजच्या भाषेत ऑनसाईटहून डायरेक्टर आला. त्यांचं मत ठाम होतं: मिशनऱ्याने कायम बसून राहायचं नाही. खेड्याखेड्यांत छोट्या मंडळ्या उभ्या करा, त्यांना त्यांच्यातलाच पाळक द्या, मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, खर्च स्वतः उचलावा, प्रसार स्वतः करावा. त्याच डिसेंबरमध्ये नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळक म्हणून दीक्षा दिली. (मराठी ख्रिस्ती लोक चर्चच्या समुदायाला 'मंडळी' म्हणतात आणि पास्टरला 'पाळक'. मला हे दोन्ही शब्द फार आवडले. 'मंडळी' म्हटलं की भिंती आणि मनोरा डोळ्यासमोर येत नाही, माणसं येतात.)

अँडरसनसाहेबांचा दुसरा निर्णय मात्र मला पटत नाही. इंग्रजी शाळांवर पैसा घालवू नका, मराठीतूनच शिकवा, असं त्यांचं म्हणणं. मराठीचा आग्रह ठीक, पण खेड्यातल्या महार-मांग मुलांना त्या काळी इंग्रजी म्हणजे नोकरीची किल्ली होती. ती किल्ली त्यांच्या हाती द्यायची की नाही हे बॉस्टनहून ठरणार! तत्त्व चांगलं, आणि ते लादण्याची पद्धत नेमकी त्या तत्त्वाच्या उलट. अशी प्रोसेस डॉक्युमेंटं मी पाहिली आहेत.

पुढे १८७८ साली नगरला धर्मशिक्षणाची सेमिनरी निघाली, रॉबर्ट ह्यूम यांच्या पुढाकाराने. (काँग्रेसवाले ह्यूम ते वेगळे. हे ह्यूम मुंबईतच जन्मलेले.) तिथे पाळक आणि उपदेशक तयार होऊ लागले. काम मोठंच होतं. पण एक गाठ पडत गेली जी सुटता सुटेना. शिकलेला उपदेशक मिशनचा पगारी नोकर असे. गावची मंडळी गरीब, दुष्काळात पोट भरण्याची मारामार, ती पाळकाचा पगार कुठून देणार? मग पैसे अमेरिकेतून. पैसे तिकडून म्हणजे रिपोर्ट तिकडे. गावातल्या पंधरा जणांचा म्होरक्या त्या पंधरा जणांना जबाबदार की नगरच्या साहेबाला? अँडरसन ज्या रोगावर औषध घेऊन आले होते, तोच रोग औषधातून वाढला.

दुसरी एक धार मुंबईतून आली. विल्यम टेलर नावाचा अमेरिकन मेथडिस्ट १८७१ मध्ये फिरत फिरत नगरला आणि मग मुंबईला आला. त्याच्या सभांतून जी माणसं जमली त्यांचे त्याने घराघरांत भरणारे गट केले, प्रत्येक गटाला त्यांच्यातलाच एक पुढारी. चर्चची इमारत नाही, पगार नाही. १८७२ मध्ये त्यातून मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. म्हणजे ब्रिस्टलच्या कॅप्टनची कल्पना एकशे तीस वर्षांनी गिरगाव-भायखळ्याकडे पोचली. पण ही माणसं बहुतेक इंग्रजी बोलणारी, शहरी. खेड्यातल्या मराठी बाईपर्यंत ते पोचलं नाही.

ते पोचलं केडगावला, आपल्या पुणे जिल्ह्यात, दौंड लाईनवर. आणि पोचवलं पंडिता रमाबाईंनी.

रमाबाईंबद्दल बहुतेकांना शाळेत चार ओळी असतात: संस्कृत विदुषी, १८८९ साली मुंबईत शारदा सदन, ते पुढे पुण्यात, मग धर्मांतरावरून वाद, केसरीची टीका. आणि मग आपल्या पुस्तकांतून बाई नाहीशा होतात. पण त्यांचं सगळ्यात मोठं काम त्यानंतरचं आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात जाऊन तीनशेच्या आसपास मुली-बायका आणल्या आणि केडगावच्या माळावर वस्ती उभी केली, तीच 'मुक्ती'. पुढच्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. १९०० च्या सुमारास तिथे जवळपास दोन हजार माणसं होती. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, सगळं मुली-बायकांनी चालवलेलं. बहुतेक जणी निरक्षर आल्या होत्या. जात वेगवेगळी, भाषाही वेगवेगळी.

आता मॅनेजमेंटच्या डोळ्याने बघा. दोन हजार माणसं, वर एक रमाबाई आणि हाताशी मोजके सहकारी. हे पिरॅमिड टिकूच शकत नाही. मधली फळी तयार केल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि ती तयार करायला माल कोणता? दुष्काळातून आलेल्या मुली. रमाबाईंचा हट्ट तोच होता. १८९८ मध्ये इंग्लंडात केझिकच्या मेळाव्यात त्यांनी विनंती केली ती पैशासाठी किंवा परदेशी मिशनऱ्यांसाठी नाही. हिंदुस्थानी ख्रिस्ती लोकांतूनच एक लाख पुरुष आणि एक लाख स्त्रिया कामाला उभ्या राहाव्यात म्हणून प्रार्थना करा, असं त्या म्हणाल्या. त्या वेळी त्यांच्याकडे केडगावच्या माळावर काही शे मुली होत्या. एस्टिमेशन म्हणून हे भयंकर आहे :)

१९०२ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला घरोघरी प्रार्थनेची छोटी मंडळं निघाल्याचं त्यांच्या कानावर आलं. १९०३ मध्ये त्यांची मुलगी मनोरमा आणि मिनी एब्रम्स तिकडे जाऊन आल्या. या मिनी एब्रम्स मेथडिस्ट मिशनरी म्हणून १८८७ मध्ये मुंबईत आलेल्या आणि नंतर मुक्तीत रमाबाईंबरोबर काम करायला गेलेल्या. मेथडिस्ट म्हणजे त्यांच्या रक्तातच 'क्लास लीडर' असणार, हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुलींना विचारलं, रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल? सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या, दिवसातून दोनदा. रमाबाईंनी पुढचा प्रश्न विचारला: शाळा-काम बाजूला ठेवून आजूबाजूच्या खेड्यांत जायला कोण तयार आहे? तीस जणी उभ्या राहिल्या.

जूनच्या अखेरीस जे झालं ते 'मुक्तीचं पुनरुज्जीवन' म्हणून जगभर गाजलं. रात्री मुली उठून रडू लागल्या, मोठमोठ्याने एकदम प्रार्थना, दिवसच्या दिवस वर्ग बंद. तेव्हाच्या काही मिशनऱ्यांनाही ते आवडलं नव्हतं. खरं सांगायचं तर ती वर्णनं वाचताना मीही अस्वस्थ झालो. भुकेतून, मरणातून आलेल्या पोरी, एका हॉलमध्ये शेकड्यांनी. त्यात भक्ती किती आणि साठलेला आक्रोश किती, हे मी पुण्यात एसीत बसून ठरवू शकत नाही.

पण मला खिळवून ठेवलं त्याच्या पुढच्या भागाने, ज्याबद्दल लोक कमी लिहितात. उमाळा आला की ओसरतो, हे रमाबाईंना कळत होतं. त्यांनी त्याला वेळापत्रकात बसवलं. साधारण सातशे मुली-बायका या कामासाठी तयार झाल्या. त्यांचा बायबलचा अभ्यास चालू, प्रार्थना चालू, आणि रोज साठेक जणी टोळ्या करून खेड्यांत जाणार, बाकीच्या शिकणार आणि मागे राहून जाणाऱ्यांसाठी प्रार्थना करणार. म्हणजे प्रत्येकीची पाळी साधारण बाराव्या दिवशी. सातशे भागिले साठ, करून बघा. हे शुद्ध राऊंड रॉबिन आहे! अकरा दिवस शिका, बाराव्या दिवशी करा, आल्यावर जे जमलं नाही ते घेऊन परत वर्गात बसा. कुणीही कायमची 'वक्ती' नाही, कुणीही कायमची 'श्रोती' नाही. गावात जाऊन चारचौघींत बोलायचं, तेही १९०५ मध्ये, विधवेने, पोरक्या मुलीने. जिला दहा वर्षांपूर्वी दारातही उभं केलं नसतं तिने ओट्यावर बसून दुसरीला सांगायचं. तुम्हाला तिचा धर्म पटो न पटो, ही गोष्ट लहान नाही.

हो, धर्मांतराचा प्रश्न आहेच. दुष्काळात अन्न देऊन धर्म दिला हा आक्षेप तेव्हाही होता. माझ्या आजीनेही हाच घेतला असता. उपाशी पोराच्या 'हो'ला किती वजन द्यायचं, हा प्रश्न मला योग्यच वाटतो. पण त्या मुलींना रस्त्यावरून उचलायला तेव्हा दुसरं कोण आलं होतं, हा प्रश्नही तितकाच योग्य आहे. दोन्ही एकाच खिशात ठेवून मी पुढे गेलो.

आणखी एक अडचण होती, भाषेची. चालू मराठी बायबल संस्कृताळलेलं, पंडिती. ज्या बाईने कालपरवा अक्षर ओळखलं ती ते वाचून दुसरीला काय सांगणार? रमाबाई स्वतः संस्कृतच्या पंडिता, त्यांना ते सोपंच होतं. तरी त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत उतरवायला घेतलं. वर्षानुवर्षं ते काम चाललं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झालं. छापखाना मुक्तीचाच. माझ्या मते केडगावचं खरं ट्रेनिंग मटेरियल हे. तज्ज्ञाने स्वतःची विद्वत्ता उतरवून ठेवून समोरचीच्या तोंडात बसेल असं वाक्य करायचं. आम्ही युजर मॅन्युअल लिहितो तेव्हा याच्या बरोबर उलट करतो.

मधल्या काळात केडगावची हवा कुठवर गेली बघा. मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये मुक्तीतल्या घटनांवर इंग्रजीत एक पुस्तिका लिहिली आणि ती चिलीमधल्या वाल्पराइसोला राहणाऱ्या जुन्या मैत्रिणीला पाठवली. तिचा नवरा तिथे मेथडिस्ट पाळक. त्या घरात ती वाचली गेली आणि १९०९ मध्ये चिलीत जी पेंटेकोस्टल चळवळ उभी राहिली तिचं एक मूळ इथे सापडतं. दौंड लोकल जिथे दोन मिनिटं थांबते तिथून दक्षिण अमेरिका!

नगरच्या गाठीकडे परत येतो, कारण ती सोडवायला निघालेला माणूस आपल्या ओळखीचा आहे: रेव्हरंड ना. वा. टिळक, 'स्मृतिचित्रे'वाल्या लक्ष्मीबाईंचे यजमान. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नगरच्या सेमिनरीत शिकवलं, मिशनचं काम केलं. ख्रिस्ती कीर्तन नगरला १८६० च्या दशकापासून होतंच, कृष्णराव सांगळ्यांनी ते रुजवलं होतं. टिळकांनी भजनं लिहून त्याला गावच्या माणसाचा गळा दिला. लेक्चर ऐकायला माणसं यायची नाहीत, टाळ वाजला की यायची. पण पगारी उपदेशकाचं दुखणं त्यांना आतून माहीत होतं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला, आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एकत्र, मिशनच्या पैशाशिवाय. ९ मे १९१९ ला टिळक गेले. दोन वर्षंसुद्धा नीट मिळाली नाहीत. दरबार त्यांच्यामागे टिकला नाही.

टिळक वाचताना मला हळहळ वाटली, पण चीडही आली. एवढा मोठा कवी, एवढी नेमकी नजर, आणि मागे पाळी लावणारं कुणी नाही. रमाबाईंचं मुक्ती मिशन केडगावला आजही चालू आहे.

गेल्या बुधवारी परत पिंपरीला गेलो. संगतीत आता पंधरा-सोळा जण होतात, हॉलमध्ये मावत नाहीत. म्हणून दोन गट करायचे ठरले. दुसरा गट चिखलीत भरणार. तो कुणी चालवायचा? सगळ्यांची नजर प्राध्यापिकाबाईंकडे गेली. लेथवाल्या काकांनी मात्र नाव घेतलं एका मावशींचं. मावशी चार घरची पोळ्यांची कामं करतात, सहा वर्षं प्रत्येक बुधवारी येतात, कोण आलं नाही ते त्यांनाच आधी कळतं, आणि दुसऱ्या दिवशी त्या त्याच्या दारात असतात. मावशी घाबरल्या. "मला वाचताना अडखळायला होतं हो. लोक हसतील." काका म्हणाले, "पुढचे चार बुधवार तुम्ही इथंच घ्या, मी शेजारी बसतो. अडलात की मी आहे." मावशींनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. जाताना मला विचारलं, "तुम्ही कंपुटरवाले ना? तो पुढच्या वेळचा उतारा जरा मोठ्या अक्षरात काढून द्याल?"

काल अठरा पॉइंटमध्ये प्रिंट काढली. दोन पानं झाली. ओळी जिथे श्वास घ्यावा लागतो तिथे तोडल्या आहेत. सोमवारच्या स्टँडअपला आमच्या टीममधल्या सगळ्यात गप्प पोराला बोर्ड चालवायला सांगणार आहे. मी शेजारी उभा राहीन.